भूलतज्ज्ञापासून काही लपवू नका

या वेळी ठरवून केलेल्या ऑपरेशनबद्दल बरेच प्रश्न आलेत. त्यातले तीन घेतेय, कारण तिन्हींत काहीतरी डॉक्टरांना सांगायचं राहिलंय किंवा मुद्दाम ठेवलंय. सर्जिकल वॉर्डात सिस्टर म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळे हे वाचून जीव कासावीस होतो.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत, पुढच्या महिन्यात उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, गुडघा बदलायचाय. शुगर आणि बीपी आहे, हार्टच्या डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी, इकोस्प्रिन, दिलीये. त्या मिश्री लावतात, पण म्हणतात डॉक्टरांसमोर बोलायचं नाही, लाज वाटते. काय काय तयारी करू? – एक सून, सातारा जिल्हा

उत्तर : आधी मिश्रीचंच बोलू. ताई, हे सांगायलाच हवं, आणि भूलतज्ज्ञ फिटनेससाठी तपासतील तेव्हाच सांगायचं. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, निकोटीन हिरड्यांतून थेट रक्तात जातं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मग जखमेला रक्त कमी मिळतं आणि ती भरायला वेळ लागतो, पिकायचीही भीती वाढते. गुडघ्यात बाहेरचा सांधा बसवलेला असताना आत पू झाला तर काय होतं ते मी बघितलंय, पुन्हा ऑपरेशन, पुन्हा सगळा खर्च आणि म्हातारीचे हाल. चार आठवडे आधी बंद करता आली तर उत्तम, नाही जमलं तर जितकी लवकर बंद होईल तितकी, पण ऑपरेशनच्या सकाळी दात घासताना म्हणून बोटभर लावली असं अजिबात नको. डॉक्टरांना हे तुम्ही सांगू नका, सासूबाईंच्या मुलालाही सांगायला लावू नका, बायकांना घरच्यांसमोर अवघडल्यासारखं होतं, सासूबाईंना भूलतज्ज्ञासोबत पाच मिनिटं एकटं बोलू द्या. डॉक्टरांना यात काही नवीन नाहीये, आपल्याकडे निम्म्या वॉर्डाची हीच कथा असते.

आता गोळ्या. घरातला गोळ्यांचा डबा आहे तसा उचलून घेऊन जा, नावं लिहून नेण्यापेक्षा ते बरं. इकोस्प्रिन स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि स्वतःच्या मनाने चालूही ठेवू नका, हार्टचे डॉक्टर आणि सर्जन दोघांनी मिळून ठरवायचं असतं ते, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट म्हणजे जाळी बसवली असेल तर जास्तच. शुगरच्या गोळ्यांत डॅपाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी असेल तर ती साधारण तीन-चार दिवस आधी थांबवतात, कारण उपाशी पोटी तिच्यामुळे रक्तात आम्ल वाढतं आणि गंमत म्हणजे शुगर त्यावेळी फार वाढलेली दिसत नाही, त्यामुळे लक्षात यायला उशीर होतो. ही गोळी हल्ली बऱ्याच जणांना असते, म्हणून मुद्दाम सांगितलं. तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीए१सी जास्त असेल तर बरेच सर्जन आधी ती खाली आणायला सांगतात, तेव्हा तारीख पुढे गेली म्हणून चिडू नका. दातात कीड, पायाला भेगा, लघवीला जळजळ, असलं काही असेल तर तेही आधी बरं करून घ्यायचं, जंतू कुठूनही नव्या सांध्यापर्यंत जातात. आणि गुडघ्यावरचे केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात. हॉस्पिटलमध्ये गरज वाटली तर क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने काढतात.

उपाशी राहायचं म्हणजे नेमकं काय हे सगळ्यात जास्त घोळ घालतं. साधारणपणे साधं जेवण सहा तास आधीपर्यंत, तळलेलं-तुपकट असेल तर आठ तास, नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. हॉस्पिटलने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं. पण दुधाचा चहा हा पाण्यात धरत नाहीत, तो जेवणात धरतात! 'घोटभरच घेतला हो' म्हणून किती पेशंट ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या दारातून परत आलेत. पाठीत इंजेक्शन देऊन फक्त पाय बधिर करणार असले तरी उपाशी राहायचंच, कारण वेळ पडली तर पूर्ण भूल द्यावी लागते आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

जोडवी आत्ताच काढायला घ्या. तीस-तीस वर्षं बोटात रुतलेली असतात, ऑपरेशनच्या सकाळी साबण लावून ओढताना बोट सुजतं आणि मग सोनाराला बोलवावं लागतं. मंगळसूत्र, बांगड्या, नथ, कवळी सगळं निघणार, आतमध्ये रक्त थांबवायला विजेचं यंत्र वापरतात आणि अंगावर धातू असला तर भाजू शकतं. सासूबाईंना गळा मोकळा ठेवायला जड जात असेल तर हळदीचा दोरा बांधू देतात का ते सिस्टरना आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी देतात. मेंदी आणि नेलपॉलिश नको, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र त्यावरून चुकीचं दाखवू शकतं.

घरी सगळ्यात आधी संडास बघा. कमोड नसेल तर कमोड खुर्ची आणून ठेवा, उकिडवं बसणं आता नाही. पलंग जरा उंच, खाली पायपुसणी आणि सतरंज्या उचलून टाका, वॉकर उंबऱ्यातून नीट जातो का ते तुम्ही स्वतः चालवून बघा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा व्यायाम आजपासून सुरू करायला सांगा, मांडीत ताकद असलेली बाई लवकर उभी राहते. बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवायला सांगा, गुडघ्याच्या इम्प्लांटवर सरकारने २०१७ पासून कमाल किंमत ठरवून दिलीये, आणि त्याचं स्टिकर फाइलमध्ये जपून ठेवा.

प्रश्न : वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे, कॅशलेस पॉलिसी आहे, हॉस्पिटलवाले म्हणाले सगळं होईल काळजी नको. तरी काय बघून घेऊ? – डोंबिवलीहून एक मुलगा

उत्तर : 'सगळं होईल' यावर थांबू नका. पॉलिसीत रूमच्या भाड्याची मर्यादा आहे का ते पहिलं बघा. समजा मर्यादा रोजची ५,००० आहे आणि तुम्ही ८,००० ची रूम घेतली, तर फक्त वरचे ३,००० जात नाहीत, सर्जनची फी, ओटीचे चार्जेस असं रूमवर अवलंबून असलेलं सगळं त्याच प्रमाणात कापलं जाऊ शकतं, म्हणजे तो भाग ८०,००० चा असेल तर ३०,००० तुमच्या खिशातून. एवढ्या पैशात लोकांचे संसार हलतात. हर्नियाला बऱ्याच पॉलिसींत सुरुवातीची दोन वर्षं वेटिंग असतं, म्हणजे तोवर त्याचे पैसे मिळत नाहीत, तेही बघा. प्री-ऑथ, म्हणजे विमा कंपनीकडे मंजुरीचा अर्ज, हॉस्पिटलला दोन-तीन दिवस आधी पाठवायला लावा. सुरुवातीची मंजुरी म्हणजे सगळं बिल मंजूर असं नाही, अंतिम मंजुरी डिस्चार्जला येते, विमा नियामकाने २०२४ मध्ये त्यासाठी तीन तासांची मुदत घालून दिलीये, दुपार उलटली तर हॉस्पिटलमधल्या टीपीए डेस्कला, म्हणजे विम्याचं काम बघणाऱ्या टेबलावर, ते ठामपणे सांगा. ग्लोव्हज वगैरे किरकोळ सामानाचे पैसे बहुतेक वेळा मिळत नाहीत, थोडी कॅश जवळ असू द्या. आधीच्या तपासण्यांची बिलं चिठ्ठीसकट ठेवा, बहुतेक पॉलिसी आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस धरतात.

पण पैशाच्या नादात एक राहतंय, वडिलांना विचारा की रात्री लघवीला किती वेळा उठावं लागतं, जोर लावावा लागतो का, खोकला आहे का, पोट साफ होतं का. वडील मुलाला हे सांगत नाहीत, सुनेला तर नाहीच. प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा त्रास असेल तर पाठीतल्या भुलीनंतर लघवी अडकते आणि रात्री दोन वाजता नळी घालायची वेळ येते, आधी माहीत असलं तर डॉक्टर तयारीत असतात. आणि खोकून, कुंथून पोटावर ताण आला तर शिवलेल्या जागेवरच जोर येतो ना.

प्रश्न : माझं वय ४८, लग्न केलेलं नाही, एकटी राहते. गाठींमुळे गर्भाशयाची पिशवी काढायची म्हणतात. भुलीची फार भीती वाटते, उठलेच नाही तर? – कोल्हापूरची वाचक

उत्तर : ही भीती भूलतज्ज्ञालाच सांगा, अगदी याच शब्दांत. आजकाल भुलीत पूर्ण वेळ एक डॉक्टर तुमच्या डोक्याशी बसून नाडी, बीपी, ऑक्सिजन बघत असतो, तो दुसरं काही करत नाही. त्याला हे सांगा : आधी कधी भूल दिली होती का, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का, कुठला दात हलतो का, घोरता का, कुठला काढा किंवा वैद्याचं औषध चालू आहे का.

त्याआधी मात्र एक विचारते, पिशवी काढायलाच हवी का हे दुसऱ्या डॉक्टरांकडून खात्री करून घेतलंत का? गाठी किती मोठ्या, कुठे, यावर अवलंबून आहे, काहींना गोळ्यांनी किंवा गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या कॉइलने रक्तस्राव आटोक्यात येतो. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गरज नसताना पिशव्या काढल्याच्या आरोपांचं प्रकरण आपल्या सगळ्यांना माहितीये, तेव्हापासून तर मी प्रत्येकीला हे विचारतेच. काढायचीच ठरली तर अंडाशय ठेवणार की काढणार हे स्पष्ट विचारा आणि संमतीपत्रात तेच लिहिलंय का ते वाचून मगच सही करा, मराठीत समजावून मागायचा तुम्हाला हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांप्रमाणे खासगी हॉस्पिटलने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं असतं, ते वाचा.

सोबतीला बहीण, मैत्रीण, शेजारीण कुणीही चालेल, पण दोघी ठरवा, एक दिवसाची आणि एक रात्रीची, म्हणजे कुणी थकत नाही. घरी जाताना टाके कधी दाखवायचे, कुठल्या गोळ्या किती दिवस, वजन कधीपासून उचलायचं हे लिहून घ्या, भुलीच्या अमलात ऐकलेलं लक्षात राहत नाही. ताप, भरपूर रक्त, एका पोटरीला सूज किंवा दम लागणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघत बसायचं नाही, रात्रीच फोन करा.