बारावी आर्ट्सनंतर माझ्या बहिणीला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळेल का?

थेट नाही मिळणार, पण बहिणीला जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी हा डिप्लोमा) नक्की करता येईल. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतंच. तीन वर्षांच्या जीएनएमला भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार कुठलीही शाखा चालते. मी नर्सिंग कॉलेजात प्रवेशाचे फॉर्म तपासते, त्यात बहुतेकांचं अडतं ते इंग्रजीवर: एकूण ४० टक्के हवेतच, शिवाय एकट्या इंग्रजीतही ४०. गुणपत्रिकेवर तिथे ३६ दिसले की वाईट वाटतं, कारण मुलगी ‘पास’ असते. वय ३१ डिसेंबरला १७ पूर्ण हवं. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीही मिळते, मात्र त्याआधी नर्स म्हणून राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झालेली असायला हवी.