सेवा व्यवसायांतील नवोपक्रमाबद्दलचा विचार काळानुसार कसा बदलत गेला?
सेवा क्षेत्र स्वतःहून काही नवे घडवते, असे फार काळ मानलेच जात नव्हते. १९८४ साली नवोपक्रमाचे अभ्यासक कीथ पॅव्हिट यांनी नावीन्य कुठून येते यावरून केलेल्या उद्योगांच्या वर्गीकरणातही बहुतेक सेवा यंत्रपुरवठादारांवर विसंबून असलेल्या गटातच पडल्या. खरी कलाटणी १९८६ मध्ये रिचर्ड बारास यांनी दिली. कारखान्यात आधी नवी वस्तू येते व मग तिची उत्पादनपद्धत सुधारते, पण सेवांमध्ये हा क्रम उलटा असतो, असे त्यांचे म्हणणे होते: बँक संगणक घेते ती आधी खातेवह्यांचे काम स्वस्तात उरकण्यासाठी, मग खातेदाराचा खोळंबा कमी होतो आणि घरबसल्या व्यवहारासारखी नवी सेवा सर्वांत शेवटी येते. मात्र हा विचारही तंत्रज्ञानाभोवतीच फिरत राहिला. डब्याच्या झाकणावर रंगवलेल्या खुणांवर चालणारी मुंबईच्या डबेवाल्यांची व्यवस्था त्यात कुठे बसवणार? १९९७ मध्ये गालूज आणि वाइनस्टाइन या अभ्यासकांनी कौशल्ये व ग्राहकाचा सहभाग जमेस धरून वस्तू आणि सेवा या दोन्हींना लागू पडेल अशी मांडणी केली. २००४ मध्ये वार्गो आणि लश या विपणनाच्या अभ्यासकांनी तर वस्तू हे सेवा पोहोचवण्याचे केवळ साधन आहे, असे म्हणून वादाचा रोखच बदलला.