बागेतले प्रश्न : चाफा आणि त्याचे परदेशी भाऊबंद

प्रश्न : गच्चीवर ड्रममध्ये सोनचाफा लावून पाच वर्षे झाली. झाड नऊ फूट वाढले, पाने तजेलदार आहेत, पण एकही फूल नाही. खत कमी पडते का? (ठाणे)

खत वाढवू नका. आधी बुंधा मातीपासून वीतभर उंचीपर्यंत नीट न्याहाळा. तिथे कलमाच्या सांध्याची गाठ नसेल, तर झाड बियांपासून केलेले आहे. अशा झाडाला फुलावर यायला सात-आठ वर्षे, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. कुडाळच्या ‘वेलणकर’ जातीसारखे कलम वर्ष-दीड वर्षात फुलते, म्हणून घेताना कलमच मागून घ्यावे. सांधा असेल, तर त्याच्या खालून फुटवा आलेला नाही ना, हे पाहा. तो खुंटाचा म्हणजे मूळ रोपाचा फुटवा. तो जोमाने वाढतो आणि वरचे कलम मागे पडते. दिसताक्षणी बुडापासून काढा.

कलम शाबूत असूनही फूल नसेल, तर बहुधा ऊन किंवा छाटणी कमी पडते. रोज निदान सहा तास थेट ऊन हवेच. सोनचाफ्याची कळी नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत येते. झाड सरळसोट वर गेले की बगला थोड्या, म्हणून फुलेही थोडी. फेब्रुवारीत प्रत्येक फांदीचा शेंडा नऊ इंच ते फूटभर खुडा. खाली तीन-चार फुटवे येतात आणि प्रत्येकावर कळ्या धरतात. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त छाटू नका. नत्र जास्त झाले की झाड नुसती पाने काढते, म्हणून युरिया नको. महिन्याला दोन ओंजळी कुजलेले शेणखत पुरते.

कळ्या धरून गळत असतील, तर पाण्याकडे लक्ष द्या. चाफ्याची मुळे मांसल असतात, साचलेल्या पाण्यात लवकर कुजतात. वरची दोन इंच माती कोरडी झाली की भरपूर पाणी द्या, मग थांबा. एप्रिल-मेमध्ये एक दिवस पाणी चुकले आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट घातले, तरीही कळ्या गळतात.

प्रश्न : मुलीच्या न्यू जर्सीतल्या घरासमोरचे मॅग्नोलिया एप्रिलमध्ये पानाविना फुलांनी लगडायचे. नोव्हेंबरमध्ये छाटले, तर या वर्षी फूलच नाही. असे का? आणि ते पुण्यात येईल का?

छाटणीत कळ्याच गेल्या. तिकडे अंगणात सर्रास दिसणारे गुलाबी-पांढरे मॅग्नोलिया बहुतेक वेळा सुलांजियाना हा संकर असतो. फ्रान्समध्ये एत्येन सुलांज-बोदें यांनी दोन चिनी मॅग्नोलियांपासून 1820 च्या सुमारास तो केला. त्याची कळी आदल्या उन्हाळ्यातच फांदीच्या टोकाला तयार होते आणि हिवाळाभर करड्या लवदार आवरणात झोपून राहते. बोटाच्या पेराएवढी ही कळी हाताला मांजराच्या पंजासारखी मऊ लागते. नोव्हेंबरमध्ये शेंडे कापले की पुढचा सगळा बहर कापला जातो. छाटायचे तर फुले ओसरताच, पाने फुटत असताना.

दुसरा धोका मार्चमधल्या उबेचा. चार दिवस ऊन पडले की कळ्या उमलतात, मागोमाग हिमतुषार आले की रात्रीत फुले तपकिरी होतात. झाडाला इजा होत नाही, पाने वेळेवर येतात. तापणाऱ्या दक्षिणेकडच्या भिंतीलगत मात्र हे झाड लावू नये, तिथे कळी आणखी घाई करते.

पुण्यात नको. कळीची झोप मोडायला लांब थंडी लागते, ती इथे मिळत नाही. सोनचाफा त्याच कुळातला, मॅग्नोलिया चंपाका. पूर्वी त्याला मिशेलिया म्हणत. सदाहरित आहे, फाल्गुन-चैत्रात जुनी पाने पिवळी होऊन गळतात त्याला रोग समजू नका.

प्रश्न : देवचाफा, हिरवा चाफा, सोनचाफा एकाच कुळातले का? (सांगली)

नाही. देवचाफ्याचे पान तोडले की चीक येतो; तो कण्हेरीच्या कुळातला, मूळचा अमेरिकेतला. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. ते कुळ मॅग्नोलियाच्याच गणात येते, म्हणजे लांबचे नाते आहे. कवठी चाफा मात्र सख्खा मॅग्नोलिया. खूण अशी : सोनचाफ्याच्या कोवळ्या फांदीवर प्रत्येक पानाच्या देठाशी बारीक कडे दिसते. कोवळ्या पानाला झाकणारी टोपी गळल्याचा तो व्रण. देवचाफ्याला ते नसते.

प्रश्न : सोनचाफ्याच्या बिया जपून ठेवल्या, उगवल्या नाहीत. (चिपळूण)

जपून ठेवल्या म्हणूनच. बी तेलकट असते, वाळले की मरते. करड्या ठिपक्यांची फळे तडकून लाल बिया पांढऱ्या धाग्यांना लोंबू लागल्या की लगेच काढा. दिवसभर पाण्यात भिजवा, वाळूत चोळून लाल गर पूर्ण घालवा. तो राहिला तर उगवण अडते आणि मुंग्याही येतात. त्याच दिवशी अर्धा इंच खोल पेरा, सावलीत ठेवा, माती ओलसर राखा. कोंब यायला महिना-दोन महिने लागतात, तोवर उकरून पाहू नका. रोपे पेन्सिलीइतकी जाड झाली की त्यांवर पाचर कलम करता येते.