वजन तेवढंच, पण पोट सुटलंय: बाबांनी ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं घ्यावीत का?

नका घेऊ देऊ. बाबा 58 वर्षांचे, वजन पूर्वीइतकंच, पण हातपाय बारीक आणि पोट पुढे आलेलं, असा बदल या वयात बहुतेकांच्या शरीरात होतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारं, स्नायू टिकवणारं आणि चरबी घटवणारं ग्रोथ हार्मोन तरुणपणानंतर दर दशकात साधारण 14 टक्क्यांनी घटतं. ते मुख्यतः गाढ झोपेत स्रवतं आणि वयाबरोबर तीच झोप कमी होते. त्यात पोटाची चरबीही या हार्मोनला दाबते, म्हणजे दुहेरी मार.

1990 साली अमेरिकेत डॅनियल रुडमन या डॉक्टर-संशोधकांनी साठीपुढच्या 12 पुरुषांना 6 महिने हे हार्मोन दिलं. चरबी 14 टक्के घटली, चरबीविरहित वजन जवळपास 9 टक्के वाढलं. जिममध्ये सांगतात ते एवढंच! पुढच्या अभ्यासांत ताकद काही वाढली नाही. अंगावर सूज, सांधेदुखी आणि वाढलेली साखर मात्र दिसली. मधुमेह असेल तर हा धोका खरंच मोठा आहे.

अंबाझरी तलावावर फिरायला जातात ते उत्तमच, नागपूरच्या उन्हाळ्यात पहाटेच जाऊ द्या. पण नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत. आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लावा, ताटात वरण, अंडी, दही वाढवा. पिट्युटरीच्याच आजाराची शंका असेल, तर एंडोक्रायनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा.