९३.८ टक्क्यांवरून नवी प्रजाती ठरत नाही

तुमच्या जिवाणूचा १६एस (जिवाणू ओळखायला वापरतात ते आरआरएनए जनुक) क्रम कोणत्याच ज्ञात जिवाणूशी ९३.८ टक्क्यांहून जास्त जुळत नाही, तर ही नवी प्रजाती समजून नाव द्यावं का, असं विचारलंय. (प्रजाती म्हणजे जीनस, जाती म्हणजे स्पीशीज, बातम्यांत हे हमखास उलटं होतं.)

एवढ्यात नाही. जीनससाठी साधारण ९४.५ ते ९५ टक्क्यांची रेघ धरतात आणि तुम्ही तिच्या खाली आहात, हे खरं. पण आकडा आला कुठून ते आधी तपासा. क्रम पूर्ण, म्हणजे जवळपास १५०० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) आहे, की एकाच बाजूने वाचलेला ७०० चा? क्रोमॅटोग्राममध्ये (सीक्वेन्सिंग यंत्राच्या आलेखात) शिखरं एकमेकांवर चढलीत का? मीही एकदा ९३ टक्के बघून आठवडाभर मनात नावं जुळवत बसलो होतो. पुन्हा स्ट्रीक केलं (रेघा ओढून वसाहती सुट्या केल्या) तर प्लेटवर दोन प्रकारच्या वसाहती! एक इतकी बारीक की मोठीच्या आड दिसलीच नव्हती. तेव्हा आधी शुद्ध कल्चर, मग पुन्हा सीक्वेन्सिंग, आणि तुलना टाइप स्ट्रेनशीच, म्हणजे त्या त्या जातीच्या अधिकृत नमुन्याशीच.

त्यानंतर पूर्ण जीनोम. एएनआय (दोन जीनोमच्या डीएनएमधलं सरासरी साम्य) जातीची हद्द दाखवतो, ९५-९६ टक्क्यांची. जीनसच्या अंतरावर तो फारसा कामाचा नाही. तिथे प्रथिनांची तुलना करणारा एएआय बघा. ६५ टक्क्यांच्या आसपास हद्द मानतात, पण कुळागणिक ती सरकते. माझा भरवसा झाडावर. शंभरेक जनुकांवरून वंशवृक्ष काढा: तुमची फांदी आधीच्या प्रजातींच्या बाहेर स्वतंत्र फुटते, की एखादीच्या पोटातून? पोटातून फुटत असेल तर नवं नाव देताना ती जुनी प्रजातीच मोडावी लागते. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलसची अशीच फोड होऊन २५ प्रजाती झाल्या. उलट शिगेला (आमांशाचा जिवाणू) जीनोमने पाहता ई. कोलायच, तरी वैद्यकातल्या सवयीमुळे वेगळी राहिली आहे.

पेशीतली मेदाम्लं, क्विनोन, ध्रुवीय लिपिड यांची तपासणीही लागते. मात्र शेजारचा टाइप स्ट्रेन त्याच माध्यमात, त्याच तापमानाला, तुमच्याच हातांनी वाढवा. दुसऱ्याच्या पेपरातली मेदाम्लांची टक्केवारी शेजारी मांडली तर दिसणारा फरक माध्यमाचाही असू शकतो.

नावासाठी स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या कल्चर कलेक्शनमध्ये जमा करून प्रमाणपत्रं मिळवावी लागतात. यात वेळ जातो, म्हणून हे लवकर सुरू करा. नव्या जीनसला टाइप जाती (जिच्यावर जीनसचं नाव टेकतं ती जाती) लागतेच, तेव्हा दोन्हींची वर्णनं एकत्र लिहा. नाव आयजेएसईएममध्ये (जिवाणूंची नावं अधिकृत करणाऱ्या नियतकालिकात) छापून यावं. दुसऱ्या नियतकालिकात आलं तर आयजेएसईएमच्या वैधता यादीत लागावं. प्रयोगशाळेत न वाढणाऱ्यांसाठी ‘कॅन्डिडेटस’ हा तात्पुरता दर्जा आणि जीनोमवरून नाव देण्याची २०२२ ची नियमावली सीककोड आहे, पण तुमचा तर प्लेटवर वाढतोय.

क्रोमॅटोग्राम आणि सर्वांत जवळच्या पाच टाइप स्ट्रेनची नावं टाका, बघतो.