ध्वनीच्या पाचपट वेगाचं इंजिन आणि अकरावीचं गणित

प्रश्न : मी उदगीर तालुक्यातला शेतकरी. मुलगी लातूरला अकरावीत आहे, नीटची शिकवणी लावलीय. आता म्हणते, डॉक्टर व्हायचं नाही, मुंबईहून न्यूयॉर्कला तीन तासांत नेणाऱ्या विमानाचं इंजिन बनवायचंय. एका खासगी अभिमत विद्यापीठात एरोनॉटिकलला जागा मिळेल म्हणतात, पण फी ऐकून झोप उडाली. यात काही भवितव्य आहे का? – एक पालक

उत्तर : दादा, नमस्कार. असं प्रवासी विमान आज जगात कुठंच उडत नाही, आणि तुमची लेक पदवीधर होईपर्यंत उडेल असंही मला वाटत नाही. तरी तिचं म्हणणं उडवून लावू नका. तीन तासांत न्यूयॉर्क गाठायचं तर ध्वनीच्या चार-पाचपट वेग लागतो. अडलंय ते त्या वेगाच्या इंजिनावरच, आणि ती अडचण सोडवायचं काम आपल्या देशात जोरात चालू आहे.

नेहमीच्या जेट इंजिनात फिरती पाती हवा दाबून आत देतात. वेग ध्वनीच्या तिपटीपुढं गेला की आत येणारी हवाच इतकी तापते की पात्यांचा निभाव लागत नाही. पाचपट वेगात तीच हवा अडवली, तर हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. म्हणून अशा वेगासाठी स्क्रॅमजेट नावाचं वेगळं इंजिन असतं. त्यात पातीच नसतात. हवा ध्वनीपेक्षा जास्त वेगानं ज्वलनकक्षातून निघून जाते. जळणाला वेळ मिळतो जेमतेम मिलिसेकंदाचा, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाचा. तेवढ्यात इंधन हवेत मिसळायचं, पेटायचं आणि जळायचं. बरं, हे इंजिन धावपट्टीवर चालूच होत नाही, कारण वेग असल्याशिवाय हवा दाबली जात नाही. म्हणजे उड्डाणाला वेगळं इंजिन हवं, आणि एकावरून दुसऱ्यावर जाताना आतल्या प्रवाशांना धक्का बसता कामा नये.

अमेरिकेच्या एक्स-५१ए या मानवरहित यानानं मे २०१३ मध्ये ध्वनीच्या पाचपट वेग गाठला. इंजिन साडेतीन मिनिटं चाललं आणि यान समुद्रात पडलं. ठरलंच तसं होतं. प्रवासी इंजिनाला मात्र तासन् तास चालायचंय, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. आपल्याकडं इस्रोनं ऑगस्ट २०१६ मध्ये स्क्रॅमजेट उड्डाणात सुमारे पाच सेकंद चालवलं. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेनं सप्टेंबर २०२० मध्ये वीस सेकंदांच्या वर नेलं. आणि एप्रिल २०२५ मध्ये डीआरडीओच्याच हैदराबादच्या डीआरडीएल या प्रयोगशाळेनं लहान आकाराचा ज्वलनकक्ष जमिनीवरच्या चाचणीत हजार सेकंदांहून जास्त चालवला. तो वितळला कसा नाही? इंधन जाळण्याआधी कक्षाच्या भिंतींतून फिरवतात. ते भिंतीची उष्णता शोषून घेतं आणि मगच जळायला जातं. आतून सिरॅमिकचा लेपही असतो. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. हे मेकॅनिकल, धातुशास्त्र आणि रसायनशास्त्र या तिघांचं काम आहे. हे संशोधन सध्या क्षेपणास्त्रांसाठी चाललंय, हेही लेकीला माहीत असू द्या.

म्हणून नुसत्या 'एरोनॉटिकल' या नावासाठी जमीन गहाण टाकू नका. जेईई ॲडव्हान्स्डमधून तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अवकाश तंत्रज्ञानाच्या संस्थेत किंवा आयआयटीत एरोस्पेस मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर सीईटी देऊन नांदेडचं एसजीजीएस हे अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, शाखा मेकॅनिकल. त्यात उष्मागतिकी (थर्मोडायनॅमिक्स) आणि द्रवगतिकी (फ्लुइड मेकॅनिक्स) पक्की करायची, मग गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत किंवा बंगळुरूच्या आयआयएस्सीत एमटेक. डीआरडीओच्या शास्त्रज्ञ भरतीलाही गेटचे गुण धरतात.

फीचं म्हणाल, तर २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून (कॅप) प्रवेश घेतला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अभिमत विद्यापीठाला ही सवलत लागू नाही. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा. प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रावर रांगा लागतात.

सगळ्यात तातडीची गोष्ट गणिताची. लातुरात नीटची बरीच मुलं अकरावीला गणित सोडून नुसतं बायोलॉजी घेतात. तुमच्या लेकीनं सोडलं असेल, तर इंजिनिअरिंगचा रस्ता तिथंच बंद होतो. उद्याच कॉलेजात जाऊन बघा आणि विषय बदलता येत असेल तर बदलून घ्या. शिकवणीचे पैसे भरलेत म्हणून तिला नीटला अडकवून ठेवू नका. दहावीचे गणित-विज्ञानाचे गुण आणि आत्ताचा विषयगट मला कळवा, म्हणजे जेईई की सीईटी, जोर कशावर द्यायचा ते सांगतो.