आंतरराष्ट्रीय मानवाधिकार तपासनीस होण्यासाठी कोणती पदवी घ्यावी, आणि पीडितांच्या कहाण्या जगासमोर मांडण्याचे हे काम झेपते का?

पदवीचे आधी उरकते. कायदा चालतो, पण न्यायवैद्यक, पत्रकारिता आणि पोलिसी तपासातून आलेली माणसेही या क्षेत्रात आहेत. संयुक्त राष्ट्रांत पी-३ दर्जाच्या (म्हणजे मधल्या श्रेणीच्या) पदासाठी साधारणपणे पदव्युत्तर पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव मागतात; इंग्रजीच्या जोडीला फ्रेंच किंवा अरबी असल्यास उत्तम. मी लिहायला बसले ते प्रश्नाच्या उत्तरार्धामुळे, कारण तपास म्हणजे कहाण्या गोळा करणे असे मानणाऱ्या एका वरिष्ठांशी माझा वाद झाला होता आणि माझ्यापुरता तो अजून मिटलेला नाही.

सीमेलगतच्या एका निर्वासित छावणीत (देश सांगत नाही, साक्षीदार हयात आहे) आमचे पथक एका गुप्त कोठडीची चौकशी करत होते. तिथून सुटलेल्या एका माणसाचा जबाब मी दुभाष्याच्या मदतीने घेतला. त्याच्या डोळ्यांवर सतत पट्टी होती, तेव्हा काय पाहिले हे विचारण्यात अर्थ नव्हता. गाडीतून उतरल्यावर पायऱ्या चढलात की उतरलात, पायाखाली फरशी होती की माती, दार लाकडी वाजे की लोखंडी, जनरेटर कोणत्या बाजूने ऐकू येई, असे मी विचारत गेले. अकरा पायऱ्या खाली, मग डावीकडे वळण, आणि रोज सकाळी डोक्यावर टाकी भरल्याचा आवाज, असे त्याने सांगितले. पायऱ्या मोजताना तो बोटाने टेबलावर ठोके देत होता आणि शेवटचा ठोका त्याने जरा थांबून दिला, कारण ती पायरी फुटकी होती. पुढे, याला न ओळखणाऱ्या आणि दुसरीकडे राहणाऱ्या एका सुटलेल्या कैद्याने फुटक्या पायरीचा उल्लेख आपणहून केला, उपग्रह छायाचित्रात त्या आवारातील एका छतावर टाकी दिसली, आणि जबाबाला बळ आले.

वरिष्ठांनी मसुदा वाचून विचारले, "यात माणूस कुठे आहे?" अहवालाच्या पहिल्या पानासाठी त्यांना वाचकाला हलवून सोडणारे अवतरण हवे होते, म्हणून त्याला पुन्हा बोलावून तेव्हा मनात काय आले एवढेच विचारावे, असे त्यांनी फर्मावले. त्याआधी इतर संस्था आणि एक वृत्तवाहिनी त्याच्याकडे जाऊन आलेल्या होत्याच. मी नकार दिला आणि कारणे लेखी देऊन फाइलला लावली. दर नव्या जबाबात तपशील थोडा हलतो, स्मृतीचा तो स्वभावच आहे. पण बचाव पक्षाचा वकील दोन जबाब शेजारी ठेवतो आणि तोच फरक खोटेपणा म्हणून वाचून दाखवतो. शिवाय आपल्या प्रस्तावनेच्या सोयीसाठी एखाद्याला पुन्हा त्या तळघरात न्यायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? अहवाल कोणी वाचलाच नाही तर पुरावा काय चाटायचा, असे त्यांचे म्हणणे होते. अहवाल अवतरणाविनाच निघाला. माझ्या कंत्राटाला मात्र मुदतवाढ मिळाली नाही.

हा वाद ज्यांना पुस्तकी वाटतो त्यांनी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा पहिला निकाल, म्हणजे २०१२ मधील लुबांगा खटल्याचा, वाचावा. काँगोतील सशस्त्र गटाचा म्होरक्या लुबांगा याच्यावरील, बालसैनिकांच्या भरतीच्या त्या खटल्यात माजी बालसैनिक म्हणून उभ्या केलेल्या अनेक साक्षीदारांवर न्यायाधीशांनी विसंबण्यास नकार दिला, आणि तपासाचे काम स्थानिक मध्यस्थांवर सोपवल्याबद्दल अभियोग पक्षाला खडसावले. लुबांगा दोषी ठरला, पण त्यात ज्या चित्रफितींत पंधरा वर्षांखालची मुले उघड दिसत होती त्यांचा मोठा हात होता. याच न्यायालयाच्या संविधीतील (ज्या कराराने ते स्थापन झाले त्यातील) कलम ५४ प्रमाणे आरोपीला निर्दोष ठरवू शकणाऱ्या बाजूचाही तितकाच तपास करणे अभियोक्त्यावर बंधनकारक आहे. हे ज्याला पटत नाही त्याने प्रचाराचे काम घ्यावे. तेही लागते, पण तो तपास नव्हे.

म्हणून छळाच्या नोंदींसाठी इस्तंबूल प्रोटोकॉल, संशयास्पद मृत्यूंसाठी मिनेसोटा प्रोटोकॉल आणि समाजमाध्यमांवरील चित्रफिती पडताळण्यासाठी २०२० चा बर्कले प्रोटोकॉल हे तिन्ही मार्गदर्शक दस्तऐवज पदवी हातात पडण्याआधीच वाचून काढावेत. ते विनामूल्य मिळतात.

दुसरा जबाब कधीच घेऊ नये असे मात्र मी म्हणत नाही. चौकशी आयोगाला एखादी गोष्ट घडली असे मानण्यास वाजवी आधार असला की सहसा पुरते, खटल्यात वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावे लागते, आणि त्या अंतरासाठी कधी कधी साक्षीदाराकडे परत जावेच लागते. झेपण्याबद्दल म्हणाल तर ऐकलेले मनातून जात नाही हे खरे, पण माझ्या ओळखीतील बहुतेक जण हे क्षेत्र सोडून गेले ते आखूड मुदतीच्या कंत्राटांना विटून.

नोकरीच्या मुलाखतीत तुम्हीही त्यांना विचारा की साक्षीदारांचे जबाब आधी कोणी कोणी घेतले आहेत, याची नोंद तुमच्याकडे कोण ठेवते. उत्तरादाखल अहवालाच्या वाचकसंख्येचे आकडे ऐकायला मिळाले, तर ती जागा माझ्या त्या वरिष्ठांसाठी मोकळी ठेवावी.